वर्गणी

मराठीच्या प्राध्यापिकेने अभियंत्यांच्या संस्थेविषयी लिहायला बसावे, यात थोडा आगाऊपणा आहे. तुळईतले लोखंड खालच्या अंगाला का घालतात, हे अण्णांनी मला तीनदा समजावून सांगितले होते आणि तिन्ही वेळा ते मला त्या संध्याकाळपुरतेच समजले. तथापि संस्था, सभा, घटना, वर्गणी हे शब्द आम्हा साहित्याच्या लोकांना परके नाहीत. १९०६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेपासून तालुक्याच्या गावातल्या वाचनालयापर्यंत आमचे सारे सांस्कृतिक जीवन सभासदांच्या याद्यांवर उभे आहे, आणि अशा याद्यांवरून होणारी भांडणेही मी वीसेक वर्षे जवळून पाहत आले आहे. तेव्हा पुण्यात एका संरचना सल्लागाराकडे नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने परवा, "आत्या, आजोबा त्या इन्स्टिट्यूशनचं एवढं कौतुक करायचे, पण वर्गणी भरून नक्की मिळतं काय?" असे विचारले, तेव्हा तो प्रश्न त्याने चुकीच्या माणसाला विचारला असे मला वाटले नाही. त्याला तिथल्या तिथे उत्तर मात्र देता आले नाही. हे लेखन त्या उत्तराच्या शोधात आहे.

अण्णांनी तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतली आणि ते एका सरकारी खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले. पदवीला जावे अशी घरची परिस्थिती नव्हती, आणि असती तरी १९८३ साली विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळेपर्यंत महाराष्ट्रात पदवीच्या जागा मोजक्याच होत्या. एकदा ओव्हरसियर म्हणून लागलेला माणूस वरच्या पायऱ्या किती चढणार, हे त्या काळी जवळजवळ ठरलेले असे. ते ठरलेपण मोडण्याचा एक मार्ग होता. 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)' ही संस्था १९२८ पासून सभासदत्वाची परीक्षा घेत आली होती. विभाग 'अ', विभाग 'ब', वर्षातून दोन वेळा परीक्षा, महाविद्यालय नाही, वर्ग नाहीत, हजेरी नाही. ती उत्तीर्ण झालेल्या माणसाला सरकार नोकरीच्या कामी पदवीधराच्या बरोबरीचा मानत असे. लोक तिला नुसते 'एएमआयई' म्हणत.

अण्णांना ती परीक्षा पार करायला नऊ वर्षे लागली. विभाग 'ब'मधल्या एका विषयाने त्यांना चार वेळा परत पाठवले. आई सांगते की साइटवरून आल्यावर ते पाय धुऊन तसेच कंदिलाशी बसत, आणि मी रात्री रडायला लागले की मला एका मांडीवर घेऊन दुसऱ्या मांडीवर वही ठेवत. १९८२ साली निकाल लागला. मी दोन वर्षांची होते, त्यामुळे मला तो आनंद आठवत नाही. आठवते ते नंतरचे. दर वर्षी वर्गणी पाठवायची वेळ आली की अण्णा मनिऑर्डरचा फॉर्म स्वतः, जाड टाकाने, एकेक अक्षर सुटे काढून भरत. विजेचे बिल, दुधाचा हिशेब, आमच्या शाळेची फी हे सारे आईकडे असे. ही वर्गणी मात्र त्यांची स्वतःची.

आता नोकरीतला लाभ हेच जर या सभासदत्वाचे मोल असेल, तर ते १९८२ मध्येच वसूल झाले होते. पुढची तीस-पस्तीस वर्षे ते कशासाठी पैसे भरत राहिले? भाच्याच्या प्रश्नाची खरी अडचण इथे आहे.

या संस्थेचा जन्म १९२०चा. नोंदणी मद्रासेत झाली, उद्‍घाटन १९२१च्या फेब्रुवारीत कलकत्त्यात व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्या हस्ते झाले आणि १९३५ साली राजा पंचम जॉर्ज यांची सनद मिळाली. 'सनदी अभियंता' या शब्दातली सनद ती. हा सारा थाट अर्थातच विलायतेहून आलेला. लंडनची 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स' ही या जातीची आद्य संस्था. १८१८च्या जानेवारीत फ्लीट स्ट्रीटवरच्या एका कॉफीगृहात काही तरुण जमले. त्यांना कोणी ओळखत नव्हते आणि पहिली दोन वर्षे संस्था जेमतेम तग धरून होती. मग १८२० साली त्यांनी टॉमस टेलफर्ड यांना अध्यक्ष होण्याची गळ घातली आणि संस्थेला रूप आले. टेलफर्ड हे मेंढपाळाचे पोर, दगडी कामावर उमेदवारी केलेला गवंडी. पूल, कालवे आणि रस्ते बांधता बांधता मोठा झालेला. शिवाय हा मनुष्य कविता करीत असे आणि कवी सदी यांच्याशी त्याचा स्नेह होता, हे वाचल्यापासून माझ्या मनात त्याच्याविषयी विशेष आपुलकी आहे. (आमच्या विभागात एकाही कवीने पूल बांधलेला नाही.) विद्यापीठात पाऊल न टाकलेल्या माणसाच्या अध्यक्षतेखाली ज्या व्यवसायाने आपले नियम घडवले, त्या व्यवसायाच्या संस्थेने पुढे दीडशे वर्षांनी एका ओव्हरसियरला कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून आत येऊ दिले, यात मला एक सुसंगती दिसते.

पण आत येऊन पुढे काय?

१९८७ सालची गोष्ट. अण्णांची नेमणूक तेव्हा एका नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर होती. या बंधाऱ्यात खांब उभे करतात आणि पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात. सारा भार खांबांवर. काँक्रीट ओतताना त्यातलेच थोडे पंधरा सेंटिमीटरच्या साच्यात भरून ठोकळे करतात, त्यांना साइटवर सारे 'क्यूब' म्हणतात. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून यंत्राखाली फोडायचे आणि किती भाराला फुटले ते लिहायचे. त्या प्रतीच्या काँक्रीटने, तेव्हाच्या बोलण्यातल्या मापात, चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या घरात टिकायला हवे होते. अण्णांचे क्यूब एकशेदहाच्या आत फुटले. त्यांना एम.बी.वर, म्हणजे मोजमाप पुस्तिकेवर, सही करायला सांगण्यात आले. ती त्यांनी केली नाही.

घरात त्या दिवसांत काय वातावरण होते हे मला चांगले आठवते, कारण मोठी माणसे दबक्या आवाजात बोलू लागली की मुले जास्त ऐकतात. अण्णा शूर वगैरे नव्हते. त्यांना झोप लागत नसे. एका शनिवारी ते एस. टी.ने जिल्ह्याच्या गावी गेले. तिथे संस्थेच्या सभासदांचा महिन्याकाठी एखादा व्याख्यानाचा कार्यक्रम असे, पंचवीस-तीस माणसे, चहा आणि बिस्किटे. त्या दिवशीचे व्याख्यान कशावर होते कोण जाणे. कार्यक्रमानंतर त्यांनी एका निवृत्त अधीक्षक अभियंत्यांना गाठून सगळे सांगितले. त्या गृहस्थांनी खाते कोणते, कंत्राटदार कोण, साहेब कोण, यातले काहीही विचारले नाही. त्यांनी विचारले, "क्यूब किती? कोणी भरले? पाण्यात होते ना पूर्ण दिवस?" आणि मग आय. एस. ४५६ ही काँक्रीटची भारतीय मानक संहिता उघडून, नमुने कमी पडले तर पुढे काय करायचे याची कलमे दाखवली: प्रत्यक्ष कामातून गाभ्याचे नमुने कापून काढून तपासायचे, तेही कमी भरले तर काम स्वीकारायचे नाही. अण्णांनी परत येऊन तीन पानी अहवाल लिहिला. त्यात विशेषणे नव्हती, कलमांचे क्रमांक होते.

दोन महिन्यांत त्यांची बदली झाली. संस्थेने ती थांबवली नाही, थांबवण्याचा तिला अधिकारही नव्हता. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल, वास्तुविशारद यांच्यासाठी १९४९ ते १९७२ या काळात एकेक केंद्रीय कायदा झाला आणि त्यांच्या परिषदांना दात आले. अभियंत्यांसाठी तसा कायदा त्या काळात झाला नाही. त्यांची संस्था ही स्वेच्छेची. ती कोणाचा परवाना काढून घेऊ शकत नव्हती आणि कोणाची खुर्चीही वाचवू शकत नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात त्या बंधाऱ्याचे दोन खांब फोडून पुन्हा ओतले, असे तिकडच्या मिस्त्रीने पत्राने कळवले. ते अण्णांच्या अहवालामुळे झाले की नव्याने आलेल्या साहेबांच्या स्वभावामुळे, हे सांगता येणार नाही.

या साऱ्यात संस्थेने दिले काय, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, तिने अण्णांना 'मला असे वाटते'च्या जागी 'असे असते' म्हणता येण्याची सोय दिली. एकटा कनिष्ठ अधिकारी जेव्हा 'हे काम कच्चे आहे' असे म्हणतो, तेव्हा तो त्याचा हट्ट, फार तर त्याचा प्रामाणिकपणा ठरतो. आणि प्रामाणिक माणसाची बदली करणे आपल्याकडे फारसे अवघड नसते. तोच जेव्हा कलमाचा क्रमांक लिहितो, तेव्हा त्याच्या मागे एक अदृश्य सभा येऊन उभी राहते. ही संहिता कोणी एका पंडिताने लिहिलेली नाही. तिच्या पुस्तिकेत समितीच्या सदस्यांची यादी छापलेली असते आणि तीत ज्या संस्थांचे प्रतिनिधी असतात, त्यांत अण्णांची संस्थाही आहे. ती ओळ त्यांनी मला बोट ठेवून दाखवली होती. 'भारतीय मानक संस्था' १९४७च्या जानेवारीत अस्तित्वात आली. तिच्या घटनेचा पहिला मसुदा याच अभियंत्यांच्या संस्थेने केला होता, हे मला बरेच नंतर कळले. आज घरातल्या प्रेशर कुकरवर जो आय. एस. आय. शिक्का आपण पाहतो, त्याच्या मुळाशी अशी वर्गणी भरणारी माणसे आहेत.

अमेरिकेत मात्र अशा संस्थांनी याहून पुढे पाऊल टाकल्याचे एक उदाहरण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'बार्ट' ही लोहमार्ग व्यवस्था उभी राहत असताना तीन अभियंत्यांनी गाड्यांच्या स्वयंचलित नियंत्रणाविषयी शंका घेतल्या. वरिष्ठांनी ऐकले नाही, तेव्हा त्यांनी त्या संचालक मंडळातल्या एका सदस्याच्या कानावर घातल्या. १९७२च्या मार्चमध्ये तिघांनाही काढून टाकण्यात आले. ऑक्टोबरमध्ये एक गाडी फ्रीमाँट स्थानकात थांबलीच नाही, मार्ग संपल्यावरही पुढे गेली आणि काही प्रवासी जखमी झाले. तिघांनी दावा लावला. १९७५ साली विद्युत अभियंत्यांची संस्था आय-ट्रिपल-ई न्यायालयात त्रयस्थ म्हणून उभी राहिली आणि तिने असे मांडले की, लोकांच्या सुरक्षिततेची काळजी घेणे हा अभियंत्याच्या नोकरीच्या करारातलाच, न लिहिलेला भाग मानला पाहिजे. दावा तडजोडीने मिटला, त्यामुळे न्यायालयाने त्यावर मत दिले नाही. तिघांच्या नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. पण हे म्हणणे कोणीतरी न्यायालयात लिहून दिले, आणि ते त्या तिघांच्या वकिलाने नव्हे, त्यांच्या व्यवसायाने लिहून दिले.

नाण्याची दुसरी बाजूही त्याच देशात आहे. यांत्रिक अभियंत्यांच्या 'एएसएमई' या संस्थेची बाष्पपात्र संहिता जगभर मानली जाते. १९०५ साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन येथे बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसे मेली, तशा अपघातांतून ती संहिता जन्मली. १९७१ साली त्याच संहितेच्या समितीतल्या काही जणांनी, आपल्या हितसंबंधातल्या कंपनीच्या सोयीचा अर्थ लावणारे पत्र संस्थेच्या नावाने पाठवले. हायड्रोलेव्हल नावाच्या छोट्या प्रतिस्पर्धी कंपनीचे उपकरण असुरक्षित आहे, असा प्रचार त्या पत्राच्या आधाराने झाला आणि तिचा धंदा बसला. १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेलाच जबाबदार धरले. जिच्या शब्दाला वजन आहे, तिच्या नावाचा शिक्का चोरणेही फायद्याचे असते. सभासदांनी डोळे मिटून वर्गणी भरत राहिले की शिक्का कोणाच्या खिशात आहे ते कळत नाही. हे आम्हा साहित्यसंस्थांतल्या लोकांना कोणी नव्याने सांगण्याची गरज नसावी.

आणि ज्यांना आतच घेतले जात नाही त्यांचे काय? १८८५ साली पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांकडून आले तेव्हा महात्मा फुल्यांनी जाण्यास नकार दिला. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, ती आपली नव्हे, हा त्या पत्राचा रोख. आम्ही ते पत्र वर्गात शिकवतो, पण फुले हे बांधकामाची कंत्राटे घेणारेही होते, सभेच्या बाहेर राहूनही बांधता येते हे त्यांना ठाऊक होते, ही गोष्ट शिकवायची राहून जाते. ए. ललिता यांचे चरित्र याच्या उलट दिशेने जाते. अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात चार महिन्यांची मुलगी; अशा स्थितीत त्या मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून विद्युत अभियंता झाल्या. १९५३ साली त्यांना लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे सहयोगी सभासदत्व मिळाले आणि १९६६ साली पूर्ण. १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री अभियंत्यांची आणि वैज्ञानिकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा त्या स्वतःच्या हिमतीवर गेल्या, कारण भारतात स्त्री अभियंत्यांची शाखाच नव्हती. कार्यालयात एकुलती एक बाई असणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना 'सभासद' या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

असो. मूळ प्रश्नाकडे येते. मला स्वतःला या बाबतीत सर्वांत जवळचा पुरावा मिळाला तो नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला एक लेख तिथे कोरलेला आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी पैसे ठेवले. कोणाकडे? राजाच्या खजिन्यात नव्हे, गोवर्धनच्या कारागिरांच्या श्रेणींकडे. त्यांत कुंभार आहेत, तेली आहेत, आणि 'ओदयंत्रिक' आहेत. पाण्याची यंत्रे करणारे, असा त्या शब्दाचा अर्थ अभ्यासक लावतात. त्यांच्याकडे दोन हजार कार्षापण ठेवले, ते 'अक्षयनीवी' म्हणून, म्हणजे मुद्दल कधी खर्च करायचे नाही, व्याजातून औषध द्यायचे. मी विद्यार्थ्यांना प्राकृत शब्दांसाठी तो लेख दाखवत असे, पण अण्णा बरोबर आले तेव्हा त्यांनी त्यातले भलतेच काही पाहिले. ते म्हणाले, "म्हणजे ही बाई एका माणसावर विश्वास ठेवत नव्हती. माणूस मरतो. तिने पाण्याच्या धंद्यावर विश्वास ठेवला." आणि मग त्यांनी, जणू आपल्याच खात्यातले असल्यासारखे, ते ओदयंत्रिक कोणत्या प्रकारची यंत्रे करत असतील याचा अंदाज बांधायला सुरुवात केली.

भाच्याची परिस्थिती वेगळी आहे हे मला कळते. त्याच्याकडे पदवी आहे. आजोबांना ज्या दाराने आत जाता आले ते दार आता तसे उरलेले नाही. २०१३च्या मेअखेरपर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच त्या परीक्षेची पदवीशी समकक्षता ठेवण्यात आली. व्याख्याने त्याला फोनवर ऐकता येतात, संहिता पडद्यावर उघडतात, आणि ओळखी करायला चहा-बिस्किटांची गरज नाही. शिवाय तो म्हणतो की तिथे सगळे साठीच्या पुढचे असतात. हे त्याचे म्हणणे खोटे नसावे. पण त्याच्या कार्यालयात एखाद्या आराखड्यावर सही करण्यापूर्वी, 'क्यूब किती? कोणी भरले?' असे विचारणारा, त्याच्या पगाराशी ज्याचा काही संबंध नाही असा माणूस कोण आहे, हे मी त्याला विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तसा कोणी नाही, आत्या."

अण्णा गेले त्याला आता पाच वर्षे झाली. त्यांच्या कपाटात संस्थेच्या नियतकालिकाचे अंक, पंधरा सप्टेंबरच्या अभियंता दिनाच्या कार्यक्रमांच्या पत्रिका आणि सोळा वह्या निघाल्या. मला त्यातले आकडे वाचता येत नाहीत. गेल्या महिन्यात केंद्रातले एक वृद्ध सभासद त्यांतल्या चार वह्या पाहायला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन आला. १९८७च्या वहीत बेचाळीसाव्या पानावर क्यूबच्या वजनांची एक रांग आहे, ती दोनदा लिहिलेली आहे, दुसऱ्यांदा वेगळ्या काट्यावर घेतलेली दिसते. तो दुसरा काटा कुठला होता, हे घरात कोणाला आठवते का, असे ते विचारत होते. मी आईला विचारले. आई म्हणाली, "रेशन दुकानातला. रात्री मागून आणला होता."